मी दुःखी नाही, मला होत नाहीये

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाला शुक्रवारपासून झालेलं नाही, त्याच्या तोंडावर तेज कुठून येणार? तुम्हाला आलं असतं? पोट दगडासारखं, ताट समोर आलं की नको वाटतंय, पट्टा बांधला की टोचतोय आणि सोडला की पँट खाली येतेय, अशा माणसाने काय गालातल्या गालात हसत फिरायचं? तो तोंड पाडूनच फिरणार ना! पण नाही. आपल्या लोकांना पडलेलं तोंड दिसलं की ते पोटाचा विचारच करत नाहीत, थेट मनावर घसरतात. बायको म्हणते, "काही मनात आहे का हो तुमच्या?" मुलगी म्हणते, "बाबा, बोलून टाका, मोकळं वाटेल." अगं, मोकळंच व्हायचंय मला, पण ते बोलून नाही होत! तुम्हाला सांगतो, एवढं साधं वाक्य आहे, लहान पोराला कळेल असं... मी दुःखी नाही, मला होत नाहीये. किती जणांना सांगितलं असेल. एकाला पटेल तर शपथ.

आता तुम्ही म्हणाल, ही वेळ का आली? आली कारण मी क्रेन चालवतो. रस्त्यावरून डुगडुगत जाते ती नव्हे, ती वेगळी, ती कुणीही चालवतं. माझी उभी क्रेन. बांधकामाच्या डोक्यावर उभी असते, पिवळी, आणि तिच्या मानेपाशी काचेची एवढीशी केबिन, त्यात मी. साइटवर मला घार म्हणतात. सकाळी मी शिडी चढायला लागलो की वर पोचेपर्यंत खालच्यांचे चहा पिऊन, कप विसळून झालेले असतात. आणि एकदा वर गेलं की गेलं. डबाही वरच खायचा. आता वर एका गोष्टीसाठी बाटली असते, ती कोणती ते सांगायला नको. दुसऱ्या गोष्टीसाठी काय असतं? दुसऱ्या गोष्टीसाठी धीर असतो.

कारण क्रेन थांबली की अख्खी साइट थांबते हो. खाली कालवलेलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, वरच्या मजल्यावरची माणसं हात चोळत बसतात, आणि मुकादम खालून वॉकीटॉकीवर ओरडतो, "घार, एवढ्या दोन खेपा टाक आणि मग जा की राव!" त्या दोन टाकल्या की आणखी दोन. मला कळ यायची, मी दात आवळायचो, कळ निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची बिचारी, मी पुन्हा परत पाठवायचो. असं वीसेक वर्षं चाललं. मग एके दिवशी ती यायचीच बंद झाली. मला वाटलं, चला, कटकट गेली. कटकट कसली जाते? ती आत मुक्कामाला बसली होती.

मग सुरू झाले उपाय. गरम पाणी झालं, भिजवलेले अंजीर झाले, एरंडेल झालं. मेव्हणा आला, तो म्हणाला, "भावजी, सकाळी उठून कमरेतून असं पिळायचं, ओला टॉवेल पिळतो तसं." पिळलं. कंबर धरली, बाकी काही नाही. शेवटी बायकोने दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. मी तोंड घट्ट मिटून बसलेलो, बायकोच माझं सगळं सांगतेय, कधी, किती, कसं, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतंय. बाईंनी पोट दाबून बघितलं, तपासण्या करून घेतल्या, त्यात वाईट काही निघालं नाही. मग म्हणाल्या, "काका, कळ येते का?" म्हटलं, पूर्वी यायची, आता नाही येत. "तुम्ही तिला किती वर्षं परत पाठवत होता?" म्हटलं, कामच तसं आहे. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. तो हं काही मला आवडला नाही.

मग त्यांनी कागदावर एक नळी काढली आणि मला समजावलं, आणि समजावलं मात्र झकास, ते मी नाकारत नाही. म्हणाल्या, "हे तुमचं आतडं. याच्या भिंतीत काही पेशी असतात. अन्न पुढे आलं, भिंतीवर दाब पडला, की त्या पेशी एक पदार्थ सोडतात, त्याचं नाव सेरोटोनिन. तो शेजारच्या नसांना खबर देतो. मग काय होतं, अन्नाच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो, की अन्न सरकलं पुढे. पुन्हा दाब, पुन्हा खबर, पुन्हा पुढे. असं शेवटपर्यंत."

मी म्हटलं, "म्हणजे शिट्टी."

बाई म्हणाल्या, "काय?"

शिट्टी म्हणजे आमचा खालचा माणूस. मला वरून माल धड दिसत नाही, मग तो खाली उभा राहून मला सांगतो, उचल, हळू, डावीकडे, थांब, सोड. गळ्यात शिट्टी असते म्हणून नाव शिट्टी. तो गप्प बसला तर माझ्या हातात एवढी ताकद असून उपयोग काय? माल हवेत लटकत राहणार. बाईंना ते पटलं. म्हणाल्या, "अगदी तसंच. खबर कमी पडली की काम थंडावतं, तुमचं झालंय तसं. खबर फार झाली की पळापळ, जुलाब. आणि गंमत म्हणजे शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन, शंभरातलं नव्वद म्हणा, पोटातच असतं. लोकांना वाटतं, ते फक्त डोक्यात असतं." आणि त्यांनी गोळी लिहून दिली. अगदी छोटी मात्रा, म्हणाल्या, सेरोटोनिनचा अंमल थोडा टिकवून धरेल. सुरुवातीला मळमळेल, काही वाटलं तर फोन करा.

मी खूश. पोटाचं दुखणं, पोटाची गोळी. घरी आलो, गोळीचं पाकीट टेबलावर ठेवलं, आणि मुलीने त्यातला तो घडी घातलेला कागद काढून वाचायला घेतला. या आजकालच्या पोरी कागद वाचल्याशिवाय गोळी गिळू देत नाहीत. वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. "बाबा... ही डिप्रेशनची गोळी आहे." तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरात भांडं घासत होती बायको, ते घासणं थांबलं. नळ चालू, घासणं बंद. बायको बाहेर आली, ओल्या हातांनी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "इतकं कसलं दुःख आहे हो तुम्हाला?" म्हटलं, अगं, तू तिथे होतीस ना, तूच सगळं सांगितलंस ना माझं, शुक्रवार-बिक्रवार? मी दुःखी नाही, मला होत नाहीये! तर ती मुलीकडे बघून हळूच म्हणते, "बघ, चिडचिडही आलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत वरूनच बाईंना फोन लावला. आता इथे नीट ऐका, कारण इथेच माझा घात झाला. आमची केबिन म्हणजे काय, खुर्ची आणि क्रेन हलवायच्या दोन दांड्या, गुडघे काचेला टेकतात. त्यात डबा मांडीवर, फोन कानाला, मग सेट कुठे ठेवायचा? सेट म्हणजे वॉकीटॉकी. त्याचं बटण दाबलं की तुमचा आवाज अख्ख्या साइटला जातो, आणि बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कुणाचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही. तर तो सेट मी कायम मांडीखाली सारतो, सवयच आहे. त्या दिवशी मळमळ होती म्हणून जरा एका बाजूला कलून बसलो होतो. कललो तो नेमका बटणावर.

आणि दुसरी सवय. आम्हाला शिकवलेलंच आहे, खालून हुकूम आला की तो मोठ्याने परत म्हणायचा, पुढे 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच दांडीला हात लावायचा. म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. वीसेक वर्षांची जीभ आहे ही, ती डॉक्टर बघत नाही, मुकादम बघत नाही. बाई तिकडून काय बोलल्या ते साइटला ऐकू गेलं नाही. साइटला फक्त मी ऐकू गेलो.

"ही डिप्रेशनची गोळी आहे. बरोबर. रोज सकाळी एक. बरोबर. मनाच्या आजारात मात्रा जास्त असते, मला कमी. बरोबर. लगेच बंद करायची नाही, अचानक सोडली तर त्रास होईल. बरोबर. शेवटचं कधी झालं? शुक्रवारी. कसं झालं? लेंड्या, बाई. हो, बकरीसारख्या. बरोबर."

अहो, सगळ्या मजल्यांवर! फरशीवाले, गवंडी, वायरमन, ऑफिसातली ती लेखनिक मुलगी, सगळ्यांच्या कमरेला सेट. खाली बघतो तर शिट्टी दोन्ही हात हलवतोय, नाचतोय, शिट्ट्या मारतोय, मुकादम टोपी उडवतोय. मला वाटलं, आज मंडळी खुशीत दिसताहेत. मीही वरून हात केला आणि पुढे म्हणालो, "गॅस? गॅसही होतो, बाई. बरोबर."

शेवटी शिट्टी शिडी चढून वर आला, निम्म्या शिडीपासूनच बोंबलत. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आणि तुम्हाला सांगतो, लोक हसले असते ना, तर मला चाललं असतं. दोन दिवस बकरी बकरी केलं असतं, मी शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण कुणी हसलंच नाही! एवढं सगळं स्पष्ट सांगितलं होतं मी, शुक्रवार सांगितला, लेंड्या सांगितल्या, गॅस सांगितला, आणि या लोकांनी काय पकडून ठेवलं? डिप्रेशन!

सेफ्टी ऑफिसरने खाली बोलावलं. चांगला मुलगा आहे, म्हणूनच जास्त राग येतो. खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लोटून घेतलं. "काका, आम्ही सगळे तुमच्या सोबत आहोत." म्हटलं, कशात? "उंचीवर एकटं बसणं आत्ता बरं नाही. काही दिवस खाली काम करा. डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू." म्हटलं, साहेब, मी दुःखी नाही, मला होत नाहीये. तो माझ्या हातावर हात ठेवून म्हणतो, "पहिली पायरी म्हणजे मान्य करणं असतं, काका." मला त्याला उचलून हूकला लावावासा वाटला. पण क्रेनच काढून घेतली होती ना.

मला बसवलं गेटवर. आत येणाऱ्याला हेल्मेट द्यायचं, जाणाऱ्याकडून घ्यायचं. घार बसली हेल्मेटं पुसत! आणि माझ्या केबिनमध्ये कोण? झोका. दुसरा ऑपरेटर आहे तो, त्याने उचललेला माल असा झुलतो म्हणून झोका. मी गेटवरून मान वर करून बघायचो, सळ्यांचा भारा हवेत हेलकावे खातोय, खालची माणसं पळताहेत, आणि माझे हात आपोआप दांड्या आवळताहेत, हातात मात्र हेल्मेट. वीसेक वर्षांत माझ्या मालाने कुणाच्या डोक्यावरची धूळ हलवली नव्हती.

आणि लोकांचा तो चांगुलपणा. तो तर मला सहनच होईना. ज्या मुकादमाने मला जन्मात कधी दोन खेपांच्या मध्ये सोडलं नाही, तो सकाळी येऊन विचारतो, "झोप लागली का, दादा?" दादा! आयुष्यभर अरे-तुरे केलं त्याने मला. फरशीवाला दुपारी केळं आणून देतो आणि काही न बोलता शेजारी बसून राहतो. घरी बायकोने भांडायचं सोडलं. चहात साखर नाही म्हणून मी कप आपटला, तर ती म्हणते, "आपटा, आत नका ठेवू काही." अरे, भांडा ना कुणीतरी माझ्याशी! मेव्हणा रोज संध्याकाळी येऊन विनोद सांगायला लागला. मी हसलो नाही की बहिणीकडे बघून मान हलवायचा. हसलो की म्हणायचा, "उसनं हसताहेत." सासूबाईंचा फोन, "जावईबापू, कुणापाशी तरी मन मोकळं करा." मी म्हटलं, आई, मन मोकळंच आहे, तुंबलंय ते दुसरं. तर त्या रडायला लागल्या. मग मीच त्यांची समजूत काढत बसलो.

आणि इकडे गंमत बघा. गोळी लागू पडली. गेटवर खुर्ची, खुर्चीपासून चार पावलांवर संडास, अडवणारं कुणी नाही. एका सकाळी चहा घेतला आणि... आली. ती कळ, जुनी, ओळखीची. मी हेल्मेट टाकलं आणि गेलो. काय सांगू तुम्हाला, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नेमका बाहेर मुकादम उभा. माझे ओले डोळे बघून त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला. बोलून उपयोग काय?

मग गेलो पत्र आणायला. बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं, मांडीखालचा सेट, बरोबर, गेट, झोका, केळं. बाई हसून हसून टेबलावर वाकल्या. त्या हसल्या तेव्हा मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता खरं सांगा, काका. वाईट वाटतं का?"

आणि तुम्हाला सांगतो, मला राग यायला हवा होता, पण नाही आला. म्हटलं, "वाटतं. वर असताना नव्हतं वाटत. आता वाटतं. त्या गेटवर बसून मी माझ्या क्रेनकडे बघतो ना बाई, तेव्हा हातातलं हेल्मेट पुसायचं राहून जातं. मला दुसरं काही येत नाही हो. मला तेवढंच येतं." बोलताना आवाज फुटला माझा, तो का लपवू?

 बाईंनी आणखी बरंच काही विचारलं, झोप, भूक, चक्कर, नजर, हात सरळ धरून दाखवा. मग म्हणाल्या, "हे दुखणं नाही. काम काढून घेतलं की माणसाला वाटतंच. मी लिहून देते, हा माणूस ठणठणीत आहे, गोळी पोटासाठी आहे, क्रेनवर पाठवा. पण एक अट घालणार. कळ आली की यांना ताबडतोब खाली येऊ द्यायचं. दोन खेपा नाही, एक खेप नाही. आतडं खबर देत होतं, काका, तुम्हीच इतकी वर्षं घेतली नाहीत. पुन्हा परत पाठवलीत तर पुन्हा बसेल." मी म्हटलं, "कळ आली की ताबडतोब खाली. बरोबर." आणि जीभ चावली.

पत्र बघून सेफ्टी ऑफिसर इतका आनंदला की काय सांगू. आनंदला म्हणजे कामालाच लागला. डॉक्टरांची अट म्हणजे सुरक्षेची अट, तिची पद्धत बसवायला नको? त्याने सगळ्यांना एकत्र उभं करून समजावलं. क्रेनवाले काका सेटवर सांगतील. शिट्टी सगळ्या मजल्यांना कळवेल. माल खाली टेकवायचा, सगळ्यांनी काम थांबवायचं, शिडीखालची जागा रिकामी करायची, आणि काका खाली येऊन जाऊन परत वर पोचेपर्यंत कुणी हलायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मी गुपचूप उतरेन हो. तो म्हणाला, "काका, यात लाजण्यासारखं काही नाही. आता लपवाछपवी नाही."

तर मी गेलो वर. केबिनमध्ये बसलो, दांड्यांवर हात ठेवले, झोक्याने खुर्ची मागेपुढे केली होती ती नीट केली, पहिला भारा उचलला तो असा सरळ, दोरी लावून मोजावा. खालून शिट्टी म्हणाला, "आली घार." मी सेटवर म्हटलं, "आली घार. बरोबर."

आणि दुपारच्या आधी कळ आली. चांगली, खणखणीत. मी शहाण्यासारखा माल टेकवला आणि सेटवर सांगितलं. पुढचं तुम्ही डोळ्यांपुढे आणा. शिट्टीची लांबलचक शिट्टी. काँक्रीटचं यंत्र बंद. कटर बंद. ठोकाठोकी बंद. सगळ्या मजल्यांच्या कडेला माणसं येऊन उभी, हेल्मेटं घालून, आणि त्या शांततेत मी एकटा शिडी उतरतोय, खडण खडण. खाली मुकादम हात जोडून रस्ता मोकळा करतोय. सेफ्टी ऑफिसरने संडासाचं दार उघडून धरलंय. मी आत गेलो, कडी लावली, बसलो. बाहेर टाचणी पडली तर ऐकू यावी. मी वाट बघतोय, ते वाट बघताहेत. पत्र देताना बाई म्हणाल्या होत्या, आतड्याला आपली स्वतःची अक्कल असते, पण मनावर दडपण आलं की तेही गप्प बसतं. ते गप्प बसलं. बाहेरून शिट्टीचा आवाज आला, अगदी मायेने, "दादा, घाई नाही हं, सावकाश." संपलं, होती नव्हती ती कळही गेली!

बाहेर आलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी नुसती 'नाही' म्हणून मान हलवली. आणि तुम्हाला सांगतो, तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत एक सुस्कारा गेला, मुकादम मटकन विटांवर बसला, फरशीवाल्याने डोळ्याला बाही लावली, आणि मी शिडी चढायला लागलो. रोज हेच चाललंय आता. मला होत नाहीये, आणि अख्खी साइट दुःखी आहे.